पन्नास पिस्तुले आणि एक कारकून

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम माझा धीर झाला नाही. मी इतिहासाचा संशोधक नव्हे. बी. ए. च्या परीक्षेस इतिहास हा विषय होता आणि पुढे वाचनाची आवड राहिली, एवढीच माझी पात्रता. परंतु केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यातील नोकरीच्या निमित्ताने या महानगरात अनेक वर्षे काढली आणि बंदरात उतरणाऱ्या मालाच्या पेट्या मोजण्यात त्यांतील बरीचशी गेली. त्यामुळे कोलकात्याच्या इतिहासातील एक प्रकरण मला नेहमी आपल्या घरातले वाटत आले आहे. ते प्रकरण पेट्यांच्या मोजणीचेच आहे. मोजणीत दहा पेट्या कमी आल्या आणि त्या दहा पेट्यांनी बंगालच्या क्रांतिकारक चळवळीचे रूप काही वर्षे बदलून टाकले. तेच येथे सांगण्याचा विचार आहे.

आपल्यापैकी अनेकांचा रोजचा मार्ग बिबादी बागेवरून जातो. मिनीबसचा कंडक्टर 'बीबीडी बाग' असा पुकारा करतो, तेव्हा त्या तीन अक्षरांत तीन तरुणांची नावे आहेत याचे भान क्वचितच कोणास राहते. बिनय बसू, बादल गुप्त आणि दिनेश गुप्त हे तिघे ८ डिसेंबर १९३० रोजी युरोपियन पोशाख करून रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरले आणि त्यांनी तुरुंगखात्याचे इन्स्पेक्टर जनरल कर्नल सिम्प्सन यांना गोळ्या घालून ठार केले. त्या वेळी या चौकाचे नाव डलहौसी स्क्वेअर असे होते. मनात प्रश्न येतो तो असा, की ज्या देशात सामान्य प्रजेला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई होती, तेथे या तरुणांच्या खिशात शस्त्र आले कोठून? आणि अंगावर लपवून न्यावयाचे पहिले शस्त्र निवडण्याची वेळ आली, तेव्हा निवड कशाच्या आधारे झाली?

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून मोकळीक होती. लोकमत सर्वात अधिक दुखावले ते या भेदामुळे. कलकत्त्यात बंदुकांची प्रतिष्ठित दुकाने होती, पण ती साहेबांसाठी, संस्थानिकांसाठी आणि परवानाधारक जमीनदारांसाठी. सामान्य घरातील मुलाला त्या काचेआडचे शस्त्र केवळ पाहता येई.

म्हणून बंगाली तरुण प्रथम बाँबकडे वळले, कारण बाँब घरी करता येत असे. परंतु बाँबला माणूस ओळखता येत नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी टाकलेल्या बाँबने केनेडी नावाच्या मायलेकींचा बळी घेतला. त्यानंतर माणिकतल्याच्या बागेतील कारखाना उघडकीस येऊन अलीपूरचा प्रसिद्ध खटला उभा राहिला. त्याच खटल्यातील माफीचा साक्षीदार नरेन गोसाईं याला ३१ ऑगस्ट १९०८ रोजी कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बसू यांनी तुरुंगातच ठार केले. हे काम बाहेरून चोरून आत आणलेल्या रिव्हॉल्वरांनी झाले. तुरुंगाच्या भिंती ओलांडून जे आत येऊ शकते आणि पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंगावर दडून राहते, ते शस्त्र लहान असले पाहिजे, हा धडा त्या घटनेने सर्वांना शिकविला.

याच सुमारास महाराष्ट्रातही हाच प्रश्न सोडविला जात होता. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले व त्यांची काडतुसे हिंदुस्थानात पाठविली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीन यांच्या सामानातील पेटीला दुहेरी तळ करून तीत ती दडविली होती. १९०९ च्या प्रारंभी ती पेटी मुंबईस सुखरूप उतरली. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे या सतरा वर्षांच्या तरुणाने ब्राउनिंग पिस्तुलानेच वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे व देशपांडे फाशी गेले.

येथे शस्त्रांचा थोडा तपशील द्यावा लागतो, कारण पुढील कथेचा उलगडा त्यावाचून होणार नाही. रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे एका फिरत्या नळकांड्यात असतात. एखादे काडतूस फुसके निघाले, तर चाप पुन्हा ओढावा, पुढचे समोर येते. नवख्या हाताला हे सोयीचे. पण ते नळकांडे फुगीर असते आणि कपड्यातून त्याचा उंचवटा दिसतो. लष्करी बनावटीचे वेब्ली रिव्हॉल्वर तर किलोभर वजनाचे. उलट, जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शिल्पकाराने आखलेले आणि बेल्जियममध्ये तयार होणारे १९०० सालचे पिस्तूल चपटे होते. त्याची लांबी सुमारे सतरा सेंटिमीटर, वजन सहाशे ग्रॅमच्या किंचित वर, आणि सात काडतुसे मुठीतल्या कप्प्यात. धोतर आणि सदरा एवढाच ज्याचा पोशाख, त्या मुलाला ते दडविणे शक्य होते. मात्र असे शस्त्र वरचेवर साफ करावे लागते, काडतूस अडकले तर ते काढण्याची सवय लागते, आणि मुख्य म्हणजे नेमकी त्याच मापाची काडतुसे लागतात. काडतुसांवाचून पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा होय. चोरून आणलेल्या शस्त्राची खरी अडचण या शेवटच्या गोष्टीत असे.

निवड करावयाची तर ब्राउनिंगसारखीच करावी, असे यावरून कोणीही म्हणेल. कलकत्त्याच्या वाट्यास मात्र जे आले ते याच्या नेमके विरुद्ध होते.

आर. बी. रॉडा आणि कंपनी ही कलकत्त्यातील शस्त्रविक्रेत्यांची नामांकित पेढी. तिचे गोदाम डलहौसी स्क्वेअरलगतच्या व्हॅन्सिटार्ट रो या गल्लीत होते. या पेढीत श्रीशचंद्र मित्र नावाचा एक तरुण नोकरीस होता. त्याला सर्वजण 'हाबू' म्हणत. विलायतेहून आलेला माल कस्टम हाऊसमधून सोडवून गोदामात पोचविणे हे त्याचे काम. कलकत्त्याच्या व्यापारी परिभाषेत अशा कारकुनास 'जेटी सरकार' म्हणतात. पगार बेताचा, काम उन्हातान्हातले, आणि जबाबदारी मात्र मोठी. कागदावरच्या पेट्या आणि गाडीवरच्या पेट्या सारख्या भरल्या पाहिजेत.

४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्यानंतर अवघ्या बावीस दिवसांनी, बुधवार, २६ ऑगस्ट रोजी, श्रीशचंद्राने कस्टम्समधून रॉडा कंपनीच्या २०२ पेट्या सोडविल्या. गोदामात पोचल्या त्या १९२. 'उरलेल्या घेऊन येतो' असे सांगून तो बाहेर पडला, तो पुन्हा आला नाही. कंपनीने पोलिसांत वर्दी दिली ती तीन दिवसांनंतर. उरलेल्या दहा पेट्यांत पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. बैलगाड्यांच्या रांगेतील सातवी गाडी हाकणारा गाडीवान म्हणजे वेष पालटलेला हरिदास दत्त हा क्रांतिकारक होता. त्याने गाडी गोदामाकडे न वळविता मलंगा लेनकडे नेली. बिपिनबिहारी गांगुली, अनुकूल मुखर्जी, श्रीशचंद्र पाल यांच्यासारख्यांनी ही योजना आखली होती. भर दुपारी, सरकारी कचेऱ्यांच्या मधोमध, एकही गोळी न सुटता हे काम पार पडले.

आता हे माउझर कसले होते ते पाहावे. ओबर्नडॉर्फ येथील जर्मन कारखान्यात १८९६ च्या सुमारास सिद्ध झालेले हे पिस्तूल लांबीला जवळजवळ फूटभर, वजनाला किलोहून अधिक. त्याची पेटी चापाच्या पुढे असते आणि तीत दहा काडतुसे पट्टीने वरून भरतात. लाकडी म्यान मुठीला मागे जोडले, की तेच खांद्याला लावावयाच्या बंदुकीचा दस्ता बनते. या पिस्तुलाचा एक विख्यात चाहता म्हणजे तरुण विन्स्टन चर्चिल. १८९६ साली मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना पायरीजवळच्या लोखंडी कडीला हिसका बसून त्याचा उजवा खांदा निखळला होता. तलवार फिरविण्याचा भरवसा नाही, म्हणून १८९८ साली ओमदुर्मानच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्यात त्याने माउझर वापरला. तलवारीऐवजी पिस्तूल का, याचे उत्तर त्याच्या बाबतीत ससून डॉकवर मिळते! परंतु चर्चिलला ते लपवावयाचे नव्हते. तो घोड्यावर होता आणि कमरेला उघडे म्यान होते.

कलकत्त्याच्या दमट हवेत पातळ धोतर-पंजाबी घालणाऱ्या बंगाली तरुणाने हे धूड दडवावे कोठे? शाल पांघरावी तर ती थंडीचे दोन महिनेच शोभते. लपविण्याच्या दृष्टीने याहून गैरसोयीचे शस्त्र क्वचित सापडले असते. तरीही त्याचा स्वीकार झाला, याची कारणे दोन. पहिले असे, की समोर दुसरे काही नव्हते. परवाना नसलेल्या माणसाला निवडीचे स्वातंत्र्य नसते. जे हाती येते त्याभोवती त्याला आपली योजना आखावी लागते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पन्नास पिस्तुले एकाच मापाची होती आणि प्रत्येकामागे ९२० काडतुसे पडत होती. तोवर एकेक रिव्हॉल्वर आणि मूठभर गोळ्या यांवर दिवस काढणाऱ्या मंडळींना सरावास आणि लढतीस पुरेल असा साठा प्रथमच मिळाला.

१९१८ साली प्रसिद्ध झालेल्या रौलट समितीच्या अहवालात या प्रकरणाला मोठे स्थान आहे. त्या अहवालानुसार ४४ पिस्तुले जवळजवळ लगेच बंगालमधील नऊ निरनिराळ्या गटांत वाटली गेली, पुढील काळातील ५४ दरोडे, खून किंवा त्यांचे प्रयत्न यांत ती वापरली गेली, आणि तोपर्यंत ३१ पिस्तुले पोलिसांनी परत मिळविली होती. नऊ गटांनी आपापसांतील मतभेद बाजूस ठेवून वाटणी मान्य केली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे.

या शस्त्राचे खरे रूप प्रकट झाले ते बालासोर येथे. बाघा जतीन म्हणून विख्यात असलेले जतींद्रनाथ मुखर्जी जर्मनीकडून येणाऱ्या शस्त्रांच्या जहाजाची वाट पाहत ओरिसाच्या किनारपट्टीत राहिले होते. जहाज आले नाही, पोलीस आले. ९ सप्टेंबर १९१५ रोजी बुडीबालाम नदीजवळ चाषाखंड येथे जतींद्रनाथ व त्यांचे चार सहकारी यांनी माउझरांना लाकडी दस्ते जोडून सशस्त्र पोलिसांशी समोरासमोर झुंज दिली. चित्तप्रिय रायचौधुरी जागीच पडले. जतींद्रनाथ दुसऱ्या दिवशी इस्पितळात निवर्तले. जे शस्त्र खिशात मावत नव्हते, तेच उघड्या रानात बंदुकीचे काम करून गेले. गल्लीत दडून एकट्यादुकट्याला गाठण्याच्या पद्धतीकडून उघड लढ्याकडे जाण्याचा विचार जतींद्रनाथांच्या मनात आधीपासून होता; शस्त्राच्या घडणीने त्याला साथ दिली, असे म्हणता येईल.

याच काळातील एका मराठी नावाचा उल्लेख येथे अगत्याचा आहे. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हा अमेरिकेत शिकत असलेला तरुण गदर पक्षाच्या साथीदारांसह नोव्हेंबर १९१४ मध्ये कलकत्त्याच्याच बंदरात उतरला, जतींद्रनाथांना भेटला, आणि तेथून काशीस रासबिहारी बोस यांच्याकडे गेला. मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत तो बाँबसह पकडला गेला व १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतून त्याचे स्मरण क्वचितच होते, ते व्हावे असे सुचवावेसे वाटते.

पुढच्या पिढीने शस्त्राला साजेल असा पोशाख निवडला. १९३० साली बिनय, बादल, दिनेश यांनी साहेबी कोट घातले. दरवानाने हटकू नये हा एक हेतू आणि कोटाच्या आत शस्त्र दिसत नाही हा दुसरा. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास या तरुणीने पदवीच्या झग्याआड रिव्हॉल्वर नेले आणि गव्हर्नर सर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर पाच गोळ्या झाडल्या. ते रिव्हॉल्वर तिला कमला दासगुप्त यांनी मिळवून दिले होते. एके काळी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व केलेले जॅक्सन बचावले आणि बीना दास यांना नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. तत्पूर्वी काही महिने, २२ जुलै १९३१ रोजी, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाचनालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, तेही बचावले. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी, दोन्ही ठिकाणी विद्येचे मंदिर, आणि दोन्ही ठिकाणी शस्त्र असूनही नेम साधला नाही. जवळून, घाईत, धडधडत्या छातीने झाडलेली गोळी चुकते. ज्याला उघडपणे सराव करता येत नाही, त्याच्या हाती उत्तम शस्त्र देऊनही हे उणे भरून निघत नाही.

या सर्व नामावळीत माझे मन पुन्हा पुन्हा वळते ते श्रीशचंद्र मित्राकडे. पिस्तुले कोणी कोठे चालविली याची नोंद आहे. हरिदास दत्त व इतर काहीजणांना शिक्षा झाल्या, मलंगा लेनच्या परिसरात या मंडळींचे स्मारकही आहे. श्रीशचंद्र मात्र कलकत्त्याहून रंगपूरच्या बाजूस गेला आणि ईशान्येकडील सीमाभागात कायमचा नाहीसा झाला. एका संध्याकाळी त्याने नोकरी, घर, नाव, गाव सर्व सोडले. त्याने एकही गोळी झाडली नाही. त्याने फक्त दहा पेट्या कमी पोचविल्या.

ही हकीकत मी पहिल्याने ऐकली ती पुस्तकातून नव्हे. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. एका संध्याकाळी गोदीतील शेडमध्ये माझ्या मोजणीत एक पेटी कमी भरत होती. तीनदा मोजले, तरी तेच. कागदावर सही माझी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ती पेटी शेजारच्या दुसऱ्या कोणाच्या मालात मिसळलेली सापडली. माझा चेहरा पाहून एक वयोवृद्ध जेटी सरकार हसले आणि त्यांनी मला चहा पाजून हाबू मित्राची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. 'आमच्यातलाच होता साहेब, जेटी सरकार होता,' असे ते दोनदा म्हणाले. मी विचारले, 'तुमच्या मुलाने असे केले असते तर?' ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मुलाने करू नये साहेब. पण त्याने केले ते बरे केले.'

त्या दोन वाक्यांतील विसंगती मला आजतागायत सोडविता आलेली नाही. सरकारी नोकराचा सारा धर्म मोजणी बरोबर असण्यात आहे. ज्याच्या सहीवर विश्वास ठेवून दार उघडले जाते, त्याने त्या विश्वासाचा भंग करू नये, हे मी माझ्या हाताखालच्या तरुणांना सांगत आलो. श्रीशचंद्राने तोच विश्वास मोडला आणि आपण त्याला वंदन करतो, कारण ते राज्य परक्याचे होते आणि त्याने त्यातून स्वतःसाठी एक पैसाही घेतला नाही. तथापि त्या पेट्यांतून निघालेल्या गोळ्यांनी केवळ साहेबच पडले असे नव्हे. ५४ प्रकरणांत दरोडेही होते आणि दरोडे पडले ते आपल्याच लोकांच्या घरांवर. ३० जून १९१६ रोजी भवानीपुरात पिस्तुलधारी तरुणांनी मारलेले पोलीस अधिकारी बसंतकुमार चट्टोपाध्याय हेही बंगालीच होते आणि त्यांनाही घरदार होते. क्रांतिकारकांविषयीचा आदर तिळमात्र कमी न करताही हे लिहिले पाहिजे, अन्यथा तो इतिहास होणार नाही.

स्वतंत्र भारतात १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला. साहेब आणि प्रजा हा भेद गेला, परवाना सर्वांनाच आवश्यक झाला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांना पर्समध्ये नेता यावे म्हणून सुमारे अर्धा किलो वजनाचे 'निर्भीक' रिव्हॉल्वर बाजारात आणले, तेव्हा किमतीची आणि वजनाची बरीच चर्चा झाली. अलीकडे आमच्या परिचयातील एका तरुण उद्योजकाने, परवाना मिळाल्यास पहिले शस्त्र कोणते घ्यावे, असे मला विचारले; मी शस्त्रतज्ज्ञ आहे असा त्याचा समज झाला असावा. मी त्याला वजन, माप यांविषयी वाचलेले थोडे सांगितले आणि मग हीच कथा सांगितली. शस्त्र लहान असावे की मोठे, याचे उत्तर दुकानदार देऊ शकतो. ते अंगावर घेऊन वावरणाऱ्याला रोज सकाळी स्वतःला काय विचारावे लागेल, याचे उत्तर दुकानात मिळत नाही. कान्हेरे, बाघा जतीन, बीना दास यांनी ते स्वतःपुरते दिले आणि त्याची पुरती किंमत मोजली. तरुणाने अजून अर्ज केलेला नाही.

रायटर्स बिल्डिंगमधून राज्याचे सचिवालय २०१३ साली नबान्नमध्ये गेले. चौकाचे नाव बदलले, बैलगाड्या गेल्या. व्हॅन्सिटार्ट रो मात्र आहे तेथेच आहे. मंडळाच्या तरुण सभासदांना माझी एवढीच विनंती, की कचेरीतून सुटल्यावर एखाद्या दिवशी बस पकडण्यापूर्वी त्या गल्लीत दोन मिनिटे उभे राहावे. १९२ पेट्या जेथे पोचल्या आणि दहा पोचल्या नाहीत, ती जागा तेथेच कोठेतरी आहे. निवृत्तीचे दिवस जवळ आले असता मीही अधूनमधून तिकडून जातो आणि 'उरलेल्या घेऊन येतो' असे सांगून गेलेल्या त्या कारकुनाची आठवण करतो.